पाच वर्षांखालच्या दोघांना खेळातून आवरायला कसं शिकवायचं?

दोन_पिल्लं

नमस्कार. घरात साडेतीन वर्षांचा मुलगा आणि पावणेपाच वर्षांची मुलगी आहे. फ्लॅट वन बीएचके, त्यामुळे खेळायला हॉलचा एक कोपरा, साधारण सहा फूट बाय सहा फूट. ठोकळे, भातुकली, गाड्या, चित्रकोडी, प्लॅस्टिकचे प्राणी, खडू असं सगळं एका मोठ्या टबात असतं. टब उपडा होतो, दहा मिनिटं खेळ होतो आणि पसारा सोफ्याखालपर्यंत जातो.

रात्री जेवणाआधी "चला, आवरा" म्हटलं की धाकटा पळतो आणि थोरली म्हणते, "हे मी नाही केलं, त्याने केलं." शर्यत लावली की दोघं लांबून टबात वस्तू फेकतात आणि हरणारा रडतो. शेवटी सासूबाई "दमलीत गं पोरं" म्हणून स्वतःच उचलून ठेवतात.

या वयात नेमकी किती अपेक्षा ठेवायची? वस्तू कशा मांडायच्या? आणि फेकाफेक, रडारड न होता चालतील असे खेळ कोणते? चॉकलेट किंवा स्टिकर द्यावं का, हेही सांगा. उपदेश नको, करून बघता येईल असं हवंय.

---

बालवाडीच्या_ताई

खेळांचं नंतर बघू, आधी तो टब काढा. हवी असलेली गाडी नेहमी तळाशी असते आणि ती शोधायची म्हणजे टब उपडा करणं एवढाच मार्ग साडेतीन वर्षांच्या मुलाला सापडतो. त्याला खोडसाळ ठरवू नका. आवरताना त्याच्यासमोर शंभर-दीडशे वस्तूंचा एकच ढीग असतो आणि कुठून सुरुवात करायची हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो पळतो.

वस्तू कमी करा. बाहेर एका वेळी सहा ते आठ संच, त्याहून जास्त नको. ठोकळे शंभर असले तरी तीसच ठेवा. गाड्या सहा, भातुकलीची दहा-बारा भांडी, प्राणी आठ, खडू सहा. चित्रकोडी दोन: धाकट्याला सहा ते नऊ तुकड्यांचं, जमल्यास खुंटी असलेलं लाकडी, आणि थोरलीला वीस-चोवीस तुकड्यांचं. पुस्तकं पाच, मुखपृष्ठ समोर दिसेल अशी. बाकीचं माळ्यावर टाका आणि दर दहा-पंधरा दिवसांनी दोनच संच बदला. सगळेच एकदम बदलले तर जागा पुन्हा पहिल्यापासून शिकवाव्या लागतात.

मांडणी बुटकी हवी. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 95 सेंमी असते, म्हणून वरचा कप्पा जमिनीपासून 75-80 सेंमीच्या आत ठेवा. एल आकाराच्या पट्ट्या आणि स्क्रू लावून ती भिंतीला पक्की करा, यात तडजोड करू नका. मुलं कप्प्यावर पाय देऊन चढतात आणि सुटं कपाट अंगावर येतं. जड ठोकळे खालच्या कप्प्यात. डबे 12 ते 15 सेंमी खोल, रुंद तोंडाचे, बिनझाकणाचे. झाकणवाला डबा मुलाला एका हाताने धरून दुसऱ्याने उघडावा लागतो. तो उघडत नाही म्हणून आपटतो आणि पुन्हा पसारा होतो. श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे मोठे चौकोनी डबे याला उत्तम. भरलेला डबा एक-दीड किलोच्या वर जाऊ देऊ नका.

प्रत्येक संचाचा फोटो काढून 6-7 सेंमीच्या दोन प्रती छापा. एक डब्याच्या समोरच्या बाजूला, दुसरी कप्प्यावर, तो डबा जिथे बसतो नेमकं तिथे. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, नाहीतर आठवड्यात नखाने सोलून निघते. फोटो तुमच्याच खेळण्यांचा असावा. छापील चित्रातली पिवळी गाडी आणि घरातली लाल गाडी यांचा मेळ थोरलीला लागेल, धाकट्याला लागेलच असं नाही. भातुकलीसाठी मात्र फोटोपेक्षा आराखडा चांगला: पुठ्ठ्यावर कढई, झारा, पोळपाट ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ मारा आणि तो पुठ्ठा कप्प्यात अंथरा. झारा हरवला की झाऱ्याची रिकामी आकृती दिसते आणि मूल स्वतःच शोधायला निघतं. कोणी बोलून दाखवावं लागत नाही.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो चटईने. जुन्या सतरंजीचा किंवा जाड चादरीचा 60 बाय 90 सेंमीचा तुकडा, प्रत्येकाला एक, वेगळ्या रंगाचा. खेळ चटईवर, चटईच्या बाहेर नाही. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये पहिली बालशाळा सुरू केली. 1939 साली त्या भारतात आल्या आणि इथेच त्यांनी अनेक शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. त्या पद्धतीच्या वर्गात चटई उलगडणं आणि गुंडाळणं हा स्वतंत्र धडा असतो. घरी तो असा द्यायचा:

चटई जमिनीवर पसरा. अरुंद बाजूला गुडघ्यावर बसा. दोन्ही हातांनी कडेला छोटी घडी घाला, बोटांनी दाबा आणि हळूहळू गुंडाळत पुढे सरका. मध्ये थांबून दोन्ही टोकं सारखी आहेत का बघा. गुंडाळी उभी धरा आणि कोपऱ्यातल्या बादलीत उभी ठेवा. हे सगळं न बोलता करायचं. हात आणि तोंड एकदम चाललं तर मूल तोंडाकडे बघतं. मग म्हणायचं, "आता तू." वाकडी गुंडाळली तरी पुन्हा उलगडून नीट करून दाखवू नका, दुसऱ्या दिवशी परत एकदा तेच प्रात्यक्षिक द्या.

एकदा चटई बसली की नियम एकच: दुसरा डबा हवा असेल तर पहिला जागेवर. म्हणजे रात्री जेवणाआधीचं मोठं आवरणं उरतच नाही. तुम्ही निवडलेली वेळ मुलांसाठी सगळ्यात वाईट आहे: भूक लागलेली, झोप आलेली. तेव्हा फक्त शेवटची चटई गुंडाळायची उरावी.

"हे मी नाही केलं" याचंही उत्तर यातच आहे. निळ्या चटईवरचं निळ्या चटईवाल्याचं. दोघं मिळून खेळले तर दोन्ही चटया जोडून ठेवायच्या आणि कोण काय उचलणार ते रंगाने किंवा जातीने वाटायचं: "तू चाकं असलेलं, तू पाय असलेलं."

---

हात_आणि_बोटं

लहान मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीच्या (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांच्या) बाजूने थोडी भर घालते. ताईंनी मांडणीचं सांगितलंय, त्यामुळे फक्त शिकवण्याच्या क्रमाबद्दल लिहिते.

आपण सहसा पहिली पायरी मुलाला देतो आणि कंटाळून शेवट स्वतः करतो. क्रम उलटा करा. तीस ठोकळ्यांपैकी सत्तावीस तुम्ही टोपलीत टाका, शेवटचे तीन त्याला द्या आणि टोपली कप्प्यात सरकवायचं कामही त्यालाच. काम पूर्ण झाल्याचा क्षण त्याच्या वाट्याला येतो. तीन सहज जमू लागले की दहा, मग अर्धे, मग तुमचे फक्त पहिले पाच. धाकट्यासाठी हाच मार्ग घ्या. थोरलीला निम्म्यापासून सुरुवात करता येईल.

वयाप्रमाणे अपेक्षा अशी ठेवा. तीन ते साडेतीनला दोन पायऱ्यांची सूचना: "ठोकळे टोपलीत टाक, टोपली कप्प्यात ठेव." साडेचार-पाचला तीन पायऱ्या चालतात. वर्गीकरणात धाकटा एका वेळी एकच गुण धरतो, रंग किंवा जात. "लाल गाड्या इकडे, निळ्या तिकडे, आणि मोठ्या वर" असं एकदम सांगितलं तर तो तिसऱ्या वस्तूला अडकतो. थोरली दोन गुण एकत्र धरू लागली असेल. तिला "मोठे लाल ठोकळे" सांगून बघा, चुकली तर एक गुण काढून टाका. सलग आवरण्याची मुदत धाकट्याला तीन-चार मिनिटं, थोरलीला सात-आठ. त्यापुढे गेलात तर भांडण होणारच.

सूचनेत क्रियापद आणि जागा दोन्ही हवीत. "आवरा" हे फार मोठं काम आहे, "प्राणी हिरव्या डब्यात" हे लहान आहे. "पाच मिनिटं उरलीत" यातूनही तीन-चार वर्षांच्या मुलाला काही कळत नाही. तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ मिळतं, ते चटईशेजारी उलटं करून ठेवा: "वाळू खाली गेली की खेळ थांबणार." हे घड्याळ खेळ संपत आल्याची खूण म्हणून वापरायचं. आवरण्याचा वेग मोजायला ते वापरलंत की फेकाफेक परत आली समजा.

शर्यतीत फेकाफेक का होते? तुम्ही वेगाला बक्षीस देता, जागेला नाही. या वयात डोळा-हाताचा मेळ अजून पक्का होतोय. घाईत पकड सुटते आणि चित्रकोड्याच्या कोपऱ्याचा तुकडा सोफ्याखाली जातो. खेळ हवाच असेल तर हळू करण्याचा लावा. ट्रेमध्ये चार स्टीलचे चमचे ठेवा आणि आवाज न होता तो ट्रे मांडणीपर्यंत न्यायचा. आवाज झाला तर जागेवर थांबून पुन्हा चालायचं, बाद कोणी होत नाही. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही त्याला आधी जड काम द्या: पुस्तकांनी भरलेलं खोकं जमिनीवरून ढकलत नेणं, दोन उशा कवेत घेऊन खोलीत पोचवणं. अशा ढकलण्या-उचलण्यानंतर बरीच मुलं शांत होतात आणि बारीक काम बरं जमतं.

---

पुठ्ठा_कात्री_डिंक

खेळ विचारलेत म्हणून नेमके तीन देतो, सामानासकट.

एसटी डेपो. गाड्यांसाठी. बुटाचं एक खोकं आडवं ठेवा. आत उभ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून तीन गाळे, प्रत्येक साधारण 9 सेंमी रुंद. छोट्या मोटारी 7-8 सेंमी लांब असतात, त्या आरामात मावतात. सहा गाड्यांना अशी दोन खोकी एकावर एक चिकटवा. गाळ्यावर आकडा आणि तितकेच ठिपके काढा, म्हणजे धाकटा ठिपके मोजेल आणि थोरली आकडा वाचेल. जमिनीवर कागदी चिकटपट्टीने डेपोपर्यंत रस्ता काढा (ही पट्टी फरशीवरून स्वच्छ निघते, खाकी पॅकिंग टेप डिंकाचा डाग सोडते). एक मूल वाहतूक नियंत्रक: "लाल गाडी, फलाट क्रमांक दोन!" दुसरं ड्रायव्हर. गाडी हातात उचलायची नाही, रस्त्यावरून चालवत न्यायची. तीन गाड्यांनंतर अदलाबदल. अदलाबदलीचा आकडा आधी सांगा, नाहीतर नियंत्रकाची जागा कोणी सोडत नाही.

भांडी घासणं. भातुकली आवरायची नाही, धुवायची. पसरट परातीत दोन पेले पाणी, एक स्पंजाचा तुकडा, एक पंचा. डावीकडे खरकटी, मध्ये परात, उजवीकडे पंचा. पुसलेलं भांडं ताईंनी सांगितलेल्या आराखड्यावर. पाणी दोन पेल्यांहून जास्त दिलंत तर तो पाण्याचा खेळ होतो आणि भांडी विसरली जातात. खाली जुना टॉवेल अंथरा आणि सांडलेलं पुसायचं फडकंही मुलाच्याच हातात द्या. हे रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे, एरवी कोरड्या फडक्याने पुसायचं. लाकडी भातुकली असेल तर पाणी अजिबात नको, रंग फुगतो.

तपासनीस. हा माझ्या मते सगळ्यात कामाचा, कारण यात मूल नीट लागलेल्या जागेकडे बारकाईने बघायला शिकतं. सगळं जागेवर असताना मुलांनी डोळे मिटायचे. तुम्ही एकच वस्तू चुकीच्या डब्यात ठेवा, म्हणजे प्राण्यांत एक खडू. डोळे उघडून शोधायचं आणि योग्य जागी ठेवायचं. धाकट्यासाठी वस्तू वर दिसेल अशी, थोरलीसाठी थोडी आत. सरावाने दोन वस्तू, मग डब्यांचीच अदलाबदल. नंतर तुम्ही डोळे मिटा आणि त्यांना लपवू द्या. हा खेळ सकाळी खेळा. रात्री खेळलात तर मुलं मुद्दाम चुकीच्या जागी ठेवण्यात रमतात आणि झोप लांबते.

गाणं हवं असेल तर दोन ओळी पुरतात, रोज त्याच:

*ठोकळे चालले घरी, घरी,*
*मोटार निजली फळीवरी.*

चाल कोणतीही लावा, पण ती फक्त आवरतानाच म्हणायची. गाडीत, आंघोळीत तीच म्हटली तर तिचा उपयोग जातो. मोबाइलवर गाणं लावू नका, मुलं मोबाइलभोवती जमतात आणि हात थांबतात.

---

दोन_पिल्लं

खूप आभार. चटई आणि आराखडा उद्याच करते. दोन शंका राहिल्या. सासूबाईंना न दुखावता कसं सांगायचं? आणि स्टिकरचं कोणी बोललं नाही. शिवाय हळूहळू घरातल्या खऱ्या कामांतही घ्यायचंय, ते कुठून सुरू करू?

---

बालवाडीच्या_ताई

आजींना "तुम्ही आवरू नका" असं सांगू नका, त्यांना काम द्या. त्यांनी खुर्चीवर बसून डब्यांची हजेरी घ्यायची: "हिरवा डबा आला का? भातुकली आली का?" मुलं एकेक डबा आणून दाखवतात आणि कप्प्यात ठेवतात. आजींना वाकावं लागत नाही, नातवंडं त्यांच्याच हाताखाली काम करतात आणि मागाहून उचलून ठेवण्यासारखं काही राहत नाही. कपड्यांच्या घड्या हीदेखील आजींची शाळा होऊ द्या: हातरुमालापासून सुरुवात, मग नॅपकिन, मग चड्डी-बनियन. रुमालावर मधोमध खडूने रेघ मारली की कड कुठे जुळवायची ते दिसतं.

खऱ्या कामांत साडेतीनला मोजे जुळवणं (पाच जोड्या, नक्षी ठळक असलेल्या), चमचे आणि वाट्या वेगळ्या करणं, चपला दाराशी जोडीने लावणं. चपलांसाठी जमिनीवर पावलांच्या आकाराचे कागद चिकटवा, डावं-उजवं आपोआप लागतं. पावणेपाचला भाजीच्या पिशवीतले कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, मटार सोलून दाणे वाटीत आणि सालं कचऱ्यात, जेवणाची पाटं-ताटं मांडणं. केर काढायला दांडा कापलेला छोटा झाडू आणि सुपली द्या. फरशीवर कागदी पट्टीचा एक फुटाचा चौकोन काढा आणि केर त्या चौकोनात गोळा करायला सांगा. मोकळ्या जमिनीवर मूल केर नुसता पुढे ढकलत राहतं.

स्टिकरबद्दल: आवरण्याला बक्षीस लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. बक्षीस थांबलं की काम थांबतं, हे तुम्ही चॉकलेटच्या वेळी बघितलंच असेल. शिक्षा म्हणूनही आवरायला लावू नका आणि "फेकून देईन" ही धमकी तर कधीच नको. त्याऐवजी काय झालं ते सांगा: "सगळे सहा खडू डब्यात आले. उद्या लाल लगेच सापडेल."

---

हात_आणि_बोटं

स्टिकरबाबत थोडं वेगळं मत आहे. रोजच्या आवरण्याला नको, हे बरोबर. पण ज्या मुलाला एका कामातून दुसऱ्यात जाणं फारच जड जातं त्याच्यासाठी चित्रांचा तक्ता उपयोगी पडतो: खेळ, आवरणं, हात धुणं, जेवण अशी चार चित्रं उभ्या पट्टीवर वेल्क्रोने लावायची आणि एकेक झालं की काढून खालच्या पाकिटात टाकायची. यात बक्षीस नाही, पुढे काय येणार ते दिसतं एवढंच. चारपेक्षा जास्त चित्रं लावू नका.

---

किनारपट्टी

आम्हा कोकणवाल्यांसाठी पावसाळ्याचं सांगायला हवं. मुंबई-ठाण्यालाही लागू आहे.

जून ते सप्टेंबर पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात, बुरशी येते, झुरळं अंडी घालतात. डेपोसारखं पुठ्ठ्याचं काही केलंत तर आतून-बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी मारा आणि जमिनीला टेकवू नका, खाली दोन पट्ट्या देऊन उचलून ठेवा. चित्रकोड्याचे तुकडे फुगले की खाचेत बसत नाहीत आणि मूल रागाने दाबून कड मोडतं. ती कोडी पावसाळाभर घट्ट डब्यात माळ्यावर, बाहेर लाकडी किंवा प्लॅस्टिकची. कापडी खेळणी ऊन पडेल त्या दिवशी वाळवा. पत्र्याचे बिस्किटांचे डबे चांगले दिसतात, पण कडेला धार असते आणि दमट हवेत गंजतात, मुलांच्या हातात नकोत.

डांबरगोळ्या खेळण्यांच्या डब्यात किंवा मांडणीत कधीही ठेवू नका. त्या विषारी असतात आणि पेपरमिंटसारख्या दिसतात. झुरळांसाठी डबे कोरडे ठेवणं आणि खाऊचे कण झटकणं हाच उपाय.

वर्गीकरणासाठी चिंचोके, राजमा, मणी देण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तुमचा धाकटा तीनच्या पुढचा असला तरी अजून नाकात-तोंडात घालत असेल तर थांबा. फोटोच्या जुन्या रिळाची डबी साधारण 3 सेंमी व्यासाची असते. तिच्यात सहज मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाला धोक्याची, हा ढोबळ अंदाज धरा. बटणासारखे सेल असलेली खेळणी असतील तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना ते आज बघा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवताना आसपासचेच शंख-शिंपले, खडे, बिया, पानं साधनं म्हणून वापरली. तसंच करायचं तर मोठे शिंपले, अख्ख्या सुपाऱ्यांऐवजी नारळाच्या करवंटीचे घासून गुळगुळीत केलेले तुकडे आणि त्या डबीत न मावणारे गोटे घ्या, आणि दोन परड्यांत वेगळे करायला द्या. शिंपले आधी उकळून उन्हात वाळवा, नाहीतर दोन दिवसांत वास सुटतो.